लिचवर अँटीमॅजिक फील्ड: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर चालणाऱ्या कथाखेळात लिच म्हणजे मेल्यावरही देह टिकवून असलेला जादूगार, आणि अँटीमॅजिक फील्ड म्हणजे आसपासची जादू विझवणारा स्पेल (मंत्र). लिचच्या अंगावर हे फील्ड नेलं की तो संपला, अशा समजुतीने खेळणारी बरीच टेबलं (खेळणारे गट) मी पाहिली आहेत. एका सेशनला (खेळाच्या बैठकीला) मीच विझार्ड, म्हणजे जादूगार, होतो. तीन तास झुंजून आम्ही लिचला कोपऱ्यात गाठलं. मी फील्ड घेऊन त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो आणि पॅलाडिनने (धर्मयोद्ध्याने) तलवार चालवली. फाशावर वीस पडले, म्हणजे सर्वांत मोठा आकडा. टेबलावर आरडाओरडा झाला, पॅलाडिनने सगळे फासे गोळा करून डॅमेज (इजेचा आकडा) मोजलं आणि आकडा सांगितला. डीएमने (खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरने) पडद्यामागे पाहिलं आणि म्हणाला, "शून्य."

डीएमचं काहीच चुकलं नव्हतं. फील्डमध्ये लिचची जादू विझते, तशी तुमच्या तलवारीचीही विझते. साध्या शस्त्राने लिचला इजा होत नाही, हा मात्र त्याच्या देहाचा गुण आहे. तो कुठला स्पेल नाही, त्यामुळे तो विझत नाही. फील्ड हा पिंजरा आहे, शस्त्र नाही. ही एक गोष्ट धरून पुढचे टप्पे क्रमाने घेतले, तर आठव्या लेव्हलचा तो एकुलता एक स्लॉट (स्पेल टाकायची मोजकी संधी) वाया जाणार नाही.

## सुरुवातीला: कोणतं पुस्तक चालू आहे?

हा लेख डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचा, म्हणजे २०१४ च्या नियमांचा आहे. अजून पुष्कळ कॅम्पेन त्याच नियमांवर चालतात. अँटीमॅजिक फील्ड आणि लिच हे दोन्ही एसआरडी ५.१ या मूळ नियमांच्या दस्तऐवजात मोफत वाचायला मिळतात, तेव्हा मजकूर स्वतः समोर ठेवा.

२०२४ चे नियम आणि २०२५ चं मॉन्स्टर मॅन्युअल वापरत असाल, तर निदान दोन गोष्टी बदलतात. साध्या शस्त्रांपासूनचं लिचचं संरक्षण नव्या पुस्तकात काढून टाकलं आहे, त्यामुळे फील्डच्या आतही तलवार लागते. आणि ग्रॅपल (शत्रूला पकडून धरणं) आता सेव्हिंग थ्रोवर (बचावाच्या फाशावर, थोडक्यात सेव्हवर) ठरतं, म्हणून लिच त्यावर लेजंडरी रेझिस्टन्स (हुकलेला सेव्ह यशस्वी ठरवायची मोजकी संधी) खर्च करू शकतो.

तपासा: टेबलावरचे सगळे एकाच पुस्तकातून बोलत आहेत ना? निम्मे वाद इथेच सुरू होतात.

## टप्पा १: काय विझतं, काय उरतं

फील्ड म्हणजे कास्टरभोवतीचा (स्पेल टाकणाऱ्याभोवतीचा) १० फूट त्रिज्येचा गोल. तो कास्टरबरोबर सरकतो आणि कॉन्सन्ट्रेशन (स्पेलवरची एकाग्रता) टिकलं तर तासभर राहतो. साहित्य म्हणून चिमूटभर लोखंडाचा चुरा लागतो. आत स्पेल टाकता येत नाही, बाहेरून टाकलेला स्पेल आत शिरत नाही. आधीपासून चालू असलेले स्पेल दबून राहतात, पण संपत नाहीत. घड्याळ चालूच असतं, आणि फील्ड सरकलं की उरलेल्या वेळेपुरते ते पुन्हा जागे होतात. डिस्पेल मॅजिकने हे फील्ड उडत नाही.

लिचचं काय विझतं? जवळजवळ सगळं आक्रमण. स्पेल तर जातातच. पॅरलायझिंग टच हा स्पेल अटॅक आहे, तोही जातो. फ्रायटनिंग गेझ आणि डिसरप्ट लाइफ या दोन्हींच्या वर्णनात सेव्ह "या जादूविरुद्ध" आहे असं स्पष्ट लिहिलंय, म्हणून तीही गेली. हाती उरतो ११ ताकदीचा हाडांचा सापळा, जो फार तर ठोसा मारेल.

आता उरतं काय, ते नीट वाचा, कारण चूक इथेच होते. त्याचे १३५ हिट पॉइंट (जीव किती उरला त्याचं माप) आणि १७ चा आर्मर क्लास (वार लागायला गाठायचा आकडा) तसाच राहतो. लेजंडरी रेझिस्टन्स राहतो. साध्या हल्ल्यांच्या बोथट, टोकदार आणि धारदार डॅमेजपासूनची इम्युनिटी (पूर्ण बचाव) राहते. नष्ट झाल्यावर पुन्हा देह मिळवण्याची ताकदही राहते. लिच स्वतः अदृश्य होत नाही की कोसळून पडत नाही, कारण त्याला उभा ठेवणारा स्पेल आत्ता चालू नाही. ती प्रक्रिया केव्हाच पूर्ण झाली आहे.

तुमच्या बाजूचं नुकसान मोठं आहे. जादूची शस्त्रं, चिलखतं, ताकद वाढवणारे बेल्ट, सगळं साधं होतं. हीलिंग पोशन ही जादूची वस्तू आहे, आत प्यायलात तर काही होत नाही. पॅलाडिनचा डिव्हाइन स्माइट (वाराला जोडलेलं दैवी डॅमेज) स्पेल स्लॉटवर चालतो, म्हणून तोही बंद. रोग, म्हणजे चोरट्या लढवय्याचा स्नीक अटॅक (बेसावध शत्रूवरचा वार) विझत नाही, पण त्याचं डॅमेज शस्त्राच्याच प्रकारचं असतं, म्हणून खंजीर साधा झाला की तेही लिचला लागत नाही. बार्बेरियनचा (रानटी योद्ध्याचा) रेज, म्हणजे संताप, चालू राहतो. त्याचा उपयोग मारायला नाही, धरायला होतो.

इशारा: बाहेर उभं राहून जादूचा बाण आत मारणं, किंवा लांब भाला आत खुपसणं, याने काही साधत नाही. लक्ष्य फील्डमध्ये असेल तर शस्त्राची जादू दबते, मारणारा कुठेही उभा असो.

इशारा: चांदीचा मुलामा देण्यावर पैसे घालू नका. काही मृतजीवांना चांदी लागते, उदाहरणार्थ वाइटला. लिचच्या इम्युनिटीत चांदीची सवलत नाही.

एक अपवाद लक्षात ठेवा. आर्टिफॅक्ट (अतिदुर्मिळ, प्रचंड ताकदीच्या वस्तू) आणि देव यांच्या जादूवर फील्डचा परिणाम होत नाही. तुमच्याकडे सोर्ड ऑफ कास ही आर्टिफॅक्ट तलवार असेल, तर ती आतही कापते. आणि लिचकडे व्हेक्नाचा हात किंवा डोळा (हेही आर्टिफॅक्ट) असेल, तर त्याची ताकद आतही चालते. शत्रूच्या अंगावर काय काय आहे याची चौकशी केल्याशिवाय निघू नका.

## टप्पा २: डीएमशी सेशनआधी बोला

लढाई तापल्यावर नियमाचा अर्थ लावायला बसलं की रात्रीचे अकरा वाजतात आणि कोणाचंच समाधान होत नाही. हे प्रश्न आठवडाभर आधी पाठवा:

- ॲनिमेट डेडने उठवलेले झॉम्बी फील्डमध्ये नाहीसे होतात का? तो स्पेल क्षणात पूर्ण होतो, त्यामुळे ते राहतात असं मी मानतो. ३.५ आवृत्तीत देहधारी मृतजीव फील्डमध्ये टिकतात असं स्पष्ट होतं. पाचव्या आवृत्तीत "जादूने निर्माण केलेला जीव" असे शब्द आहेत आणि त्यावरून वाद होतो.
- मंकचे (हातापायांनी लढणाऱ्या संन्याशाचे) ठोसे आत जादूचे धरायचे का?
- होली वॉटर आत चालतं का? ते साध्या सामानाच्या यादीत आहे, पण बनवताना स्पेल स्लॉट खर्च होतो.
- चौकोनी नकाशावर १० फुटांचा गोल कसा मोजायचा?

डीएम जे सांगेल ते लिहून ठेवा आणि त्यावर योजना बांधा. उत्तर तुमच्या विरोधात गेलं तरी चालतं, आधी कळलं पाहिजे एवढंच.

## टप्पा ३: माणसं आणि सामान

तीन भूमिका ठरवून द्या.

फील्ड नेणारा. विझार्ड किंवा क्लेरिक (पुरोहित), निदान १५ व्या लेव्हलचा. लढाईत त्याने एकही स्पेल टाकायचा नाही, फक्त योग्य चौकोनात उभं राहायचं. मार लागला की कॉन्सन्ट्रेशनचा सेव्ह येतो, १० किंवा डॅमेजच्या निम्मे, यातलं जे मोठं असेल ते. लिच आतून त्याला फारसं काही करू शकत नाही, त्याचे चाकर करू शकतात. म्हणून एक माणूस कास्टरच्या पाठीशी हवाच.

धरणारे, शक्यतो दोघं. लिच ग्रॅपलपासून इम्यून नाही, आणि २०१४ च्या नियमात ग्रॅपल हा सेव्ह नाही, दोघांची चढाओढ आहे. म्हणजे लेजंडरी रेझिस्टन्स इथे त्याला वाचवत नाही. १५ व्या लेव्हलच्या, स्वतःची ताकद २० असलेल्या आणि ॲथलेटिक्स येणाऱ्या फायटरला +१०, लिचला ॲक्रोबॅटिक्सवर +३. सुटायच्या प्रत्येक प्रयत्नात त्याला साधारण पाचात एक संधी. दोघांनी धरलं तर त्याला दोनदा सुटावं लागतं, आणि दर वेळी पूर्ण ॲक्शन (पाळीतली मुख्य कृती) जाते. धरणाऱ्याचा एक हात मोकळा हवा. ढाल आणि तलवार दोन्ही घेऊन आलेला फायटर ऐन वेळी ढाल सोडवत बसतो.

मारणारे. पॅलाडिन, रोग, जो कोणी एका फेरीत सर्वांत जास्त डॅमेज देतो तो.

सामानात ॲसिडच्या बाटल्या घ्या. किंमत २५ सोन्याची नाणी, डॅमेज २ डी ६ (सहा बाजूंचे दोन फासे). ॲसिडपासून लिचला कसलंच संरक्षण नाही, आणि बाटलीत जादू नसल्यामुळे ती फील्डमध्येही तितकीच भाजते. अल्केमिस्ट्स फायरही घ्या. आगीचं डॅमेज दर फेरीला १ डी ४ एवढंच, पण ती विझवायला लिचला ॲक्शन लागते, आणि तीच ॲक्शन त्याला सुटण्यासाठी हवी असते.

तपासा: सगळ्या बाटल्या बॅग ऑफ होल्डिंगमध्ये (खूप सामान मावणाऱ्या जादूच्या पिशवीत) आहेत का? फील्डमध्ये ती पिशवीही साधी होते. बाटल्या कमरेला बांधा.

## टप्पा ४: फील्ड दाराबाहेर टाका

लिचसमोर उभं राहून फील्ड टाकू नका. त्याच्याकडे काउंटरस्पेल (दुसऱ्याचा स्पेल टाकतानाच पाडणारा स्पेल) आहे. ६० फुटांत आणि नजरेसमोर असलात, तर तिसऱ्या लेव्हलच्या स्लॉटनेही त्याला तुमचा आठव्या लेव्हलचा स्पेल पाडायची ४० टक्के संधी असते (१८ गाठायचे, बुद्धीचे +५). आठव्या लेव्हलचा स्लॉट वापरला तर फासाही टाकावा लागत नाही. तुमचा स्लॉट एकच.

फील्ड तासभर टिकतं. दाराआड टाका, सगळे गोलात गोळा व्हा आणि एका छत्रीखाली चालल्यासारखे आत शिरा. लिच आपले स्पेल तुमच्यावर टाकत बसेल, ते गोलाच्या कडेला थांबतील.

मग तो पळायचा विचार करेल. डायमेन्शन डोअर ५०० फूट नेतं, प्लेन शिफ्ट त्याहून दूर. म्हणून पहिलीच फेरी महत्त्वाची. कास्टरची ॲक्शन मोकळी असते, तेव्हा त्याने डॅश करावा (दुप्पट चालावं). ६० फुटांत लिच गोलात आला पाहिजे. बाकीचे छत्रीतून मागे पडतील, ते आपल्या पाळीला पुन्हा आत येतील.

इशारा: आधी ग्रॅपल आणि मग फील्ड, हा क्रम उलटा आहे. फील्ड पोहोचायच्या आधी धरलेला लिच आपल्या पाळीला डायमेन्शन डोअरने निसटतो आणि तुमच्या हातात काही उरत नाही. आधी फील्ड, त्याच फेरीत ग्रॅपल.

## टप्पा ५: उभं कुठे राहायचं

मी त्या सेशनला लिचला खेटून उभा राहिलो, ती दुसरी चूक. पाच फुटांवर उभं राहिलं की लिच गोलाच्या पोटात येतो, आणि त्याला बाहेर काढायला एकाऐवजी दोन चौकोन मागे सरकावं लागतं.

टेबलावर नाणी ठेवून पाहा. एक रुपया म्हणजे कास्टर, पाचाचं नाणं म्हणजे लिच. दोघांच्या मध्ये एकच रिकामा चौकोन ठेवा. आता लिच गोलाच्या अगदी कडेवर आहे. कास्टर एक पाऊल मागे गेला की लिच बाहेर, एक पाऊल पुढे आला की आत. हीच तुमची खिडकी, आणि ती उघडणं-मिटणं एका चौकोनाच्या चालीवर आलं.

धरणारे आणि मारणारे लिचच्या पलीकडच्या अंगाला उभे करा. तिथे ते गोलाच्या बाहेर राहतात, म्हणजे त्यांचे बेल्ट आणि चिलखतं चालू राहतात. धरलेल्या लिचला पाडूनही ठेवा. पकडीत त्याचा वेग शून्य असतो, त्यामुळे त्याला उठता येत नाही, आणि जवळून मारणाऱ्यांना ॲडव्हांटेज (दोन फाशांतला चांगला) मिळतो.

तपासा: कास्टर कुठल्या चौकोनातून कुठल्या चौकोनात हलणार, हे टेबलावरच्या प्रत्येकाला दिसतंय का?

## टप्पा ६: मारायचे दोन मार्ग

सावकाश मार्ग: ॲसिड. लिच आतच ठेवा आणि सगळ्यांनी बाटल्या फोडा. सरासरी बाटलीमागे ७, म्हणजे १३५ साठी वीस बाटल्या लागाव्या लागतात. त्या फेकायच्या शस्त्रासारख्या नाहीत: प्रावीण्य मिळत नाही, आणि एका ॲक्शनला एकच बाटली, एक्स्ट्रा अटॅक इथे चालत नाही. चौघं फेकत असतील तर बारा-पंधरा फेऱ्या धरा, आणि चुकणाऱ्या धरून चाळीसेक बाटल्या न्या. पाडलेल्या लिचवर लांबून फेकलं तर डिसॲडव्हांटेज (दोन फाशांतला वाईट) लागतो, म्हणून या मार्गात त्याला उभाच ठेवा. फेऱ्या जास्त लागतात, पण लिचला एकदाही जादू मिळत नाही. ज्या गटात चाकर आधीच संपलेत आणि पकड मजबूत आहे, त्यांनी हाच मार्ग घ्यावा असं माझं ठाम मत आहे.

जलद मार्ग: खिडकी. कास्टर आपल्या पाळीला एक पाऊल मागे जातो आणि त्याच पाळीत ॲक्शन वापरून रेडी करतो (ठरलेली घटना घडली की करायची कृती राखून ठेवतो): "रोगचा वार पडला की मी एक चौकोन पुढे येतो." रेडीमध्ये आपल्या वेगाइतकी चाल राखून ठेवता येते, आणि तो स्पेल नसल्यामुळे कॉन्सन्ट्रेशनला धक्का लागत नाही. मधल्या वेळात लिच बाहेर असतो, तलवारी जिवंत असतात, स्माइट चालतो. २०१४ च्या नियमात मृतजीवावर स्माइटला एक डी ८ जास्त मिळतो. मग कास्टर पुढे येतो आणि लिचची पाळी पुन्हा अंधारात जाते.

हे जमण्यासाठी इनिशिएटिव्हचा (पाळ्यांचा) क्रम कास्टर, मारणारे, लिच असा हवा. कास्टरची पाळी मारणाऱ्यांनंतर येत असेल, तर मारणाऱ्यांनी आपापले वार रेडी करून ठेवावेत. रेडीवर एकच अटॅक मिळतो हा तोटा आहे.

खिडकी उघडी असताना धोका खरा आहे. दुसऱ्या कोणाचीही पाळी संपली की लिच लेजंडरी ॲक्शन (आपल्या पाळीबाहेरची जादा कृती) घेऊ शकतो, फेरीत एकूण तीन. कास्टरची पाळी संपताच पहिली संधी त्याला मिळते. सर्वांत वाईट म्हणजे पॅरलायझिंग टच धरणाऱ्यावर: १८ चा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह हुकला की तो जागच्या जागी लुळा, आणि पकड सुटली. दोन धरणारे हवेत ते यासाठी. पॅलाडिनच्या ऑराच्या (सेव्हला मदत करणाऱ्या वलयाच्या) दहा फुटांत त्यांना ठेवा. आणि खिडकीत दोनपेक्षा जास्त पाळ्या बसवू नका, कारण प्रत्येक पाळीचा शेवट ही त्याची संधी आहे.

इशारा: घाईने कॉन्सन्ट्रेशन सोडू नका. सोडायला ॲक्शन लागत नाही म्हणून तो सोपा रस्ता वाटतो, पण पिंजरा परत येत नाही.

## टप्पा ७: मेल्यावर

गोष्टीतल्या राक्षसाचा जीव सात समुद्रांपलीकडच्या पोपटात असतो, तसा लिचचा जीव फिलॅक्टरी नावाच्या वस्तूत. ती शाबूत असेल तर १ डी १० दिवसांत तो तिच्यापासून पाच फुटांच्या आत नव्या देहाने उभा राहतो, सगळ्या हिट पॉइंटसह. फील्डमध्ये मारलं म्हणून हे टळत नाही. फिलॅक्टरीवर फील्ड धरल्यानेही ती फुटत नाही, तिचा नाश कसा होतो ते वेगळं शोधावं लागतं. लिच पडला त्या क्षणी कॅम्पेनमधली तारीख लिहा. कमीत कमी एक दिवस हातात आहे असं धरून चाला, दहा नाही.

## समोर लिच नसेल तर

व्हॅम्पायर. इथे फील्ड टाकू नका. त्याची मोहिनी आणि वटवाघळांना बोलावणं बंद पडतं, पण १८ ताकदीचे ठोसे, चावा आणि दर फेरीला २० हिट पॉइंट भरून येणं चालूच राहतं. तुमची शस्त्रं मात्र साधी होतात, आणि साध्या शस्त्रांचं डॅमेज त्याला निम्मंच लागतं. फील्डचा फायदा त्यालाच जास्त.

ड्रॅकोलिच. हा लिचसारखा मृतजीव झालेला ड्रॅगन. ड्रॅगनचा श्वास नियमांच्या दृष्टीने जादू नाही. निळ्या ड्रॅकोलिचची वीज फील्डमधून सरळ आरपार येते. छत्रीखाली गोळा होऊन उभे राहिलात, तर सगळे एका रेषेत भाजता.

डेमिलिच. कवटी उरलेला हा लिच फसवा आहे. त्याच्या शक्तींपैकी एनर्जी ड्रेन आणि शाप जादूचे आहेत, ते विझतात. किंकाळी मात्र जादूची आहे असं वर्णनात कुठेही लिहिलेलं नाही. ३० फुटांत ती ऐकणाऱ्याने १५ चा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह गमावला की हिट पॉइंट थेट शून्यावर. फील्ड तिला अडवत नाही, आणि आवाज बंद करणारा सायलेन्स स्पेल फील्डच्या आत चालत नाही. "ऐकणाऱ्याने" हा शब्द पकडा. कानांत मेण घाला, डीएमकडून ते बहिरेपणात मोडतं हे कबूल करून घ्या, आणि दाराआधीच हाताच्या खुणा ठरवा: मागे, पुढे, सोड, धर.